वार्धक्यातील नैराश्य : घर, वस्ती आणि विहार

सिद्धार्थ गौतमाने वयाच्या २९ व्या वर्षी रस्त्यात एक म्हातारा, एक आजारी माणूस आणि एक प्रेत पाहिले व त्यामुळे गृहत्याग केला, ही परंपरेने चालत आलेली कथा परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्वीकारली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा माणूसच पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा साधा युक्तिवाद आहे. तो बिनतोड आहे. परंतु पाहणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते, हे मला स्वतःच्या घरात शिकावे लागले. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, दीड वर्ष आतून खचत चालले होते. मी त्यांना रोज पाहत होते. ध्यानात मात्र काही आले नाही. म्हणूनच स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मी हा विषय घेतला. मी डॉक्टर नाही, बँकेत लिपिक आहे. जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि काउंटरवर बसून पाहिले, तेवढेच धम्मबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहे.

नैराश्य हा शब्द आपण फार सैल वापरतो. निवडणूक हरली, मुलाला टक्के कमी पडले की 'नैराश्य आले' म्हणून मोकळे होतो. वैद्यकशास्त्र ज्याला डिप्रेशन म्हणते तो आजार निराळा आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहणे, अथवा ज्या गोष्टीची आवड होती तिची गोडीच नाहीशी होणे, हे त्याचे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला झोप उडणे, विशेषतः पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, भूक मरणे, वजन उतरणे, अंगातली शक्ती गेल्यासारखे वाटणे, आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांना भार झालो आहोत असे वाटत राहणे, आणि कधी जगणेच नकोसे होणे.

तरुण माणूस निदान 'मला उदास वाटते' असे म्हणतो. म्हातारी माणसे असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, पोट साफ होत नाही, छातीत जळजळते, पाय ओढतात, तोंडाला चव नाही. काही जण चिडचिडे होतात, काही विसरू लागतात आणि घरचे समजतात की बुद्धीच गेली. अण्णा ताटावर बसले की म्हणत, "चव लागत नाही गं." मी ते माझ्या स्वयंपाकाला लावून घेतले आणि आठ-दहा महिने मनात धरून बसले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे, कारण अनेक घरांत असेच चालले असणार.

हा माझा अंदाज नव्हे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठी उलटलेल्यांना ठरावीक प्रश्न विचारले असता सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याचा आजार असावा असे दिसले. पण 'डॉक्टरांनी मला हा आजार सांगितला आहे' असे म्हणणारे एक टक्काही भरले नाहीत. ढोबळ हिशेब केला तर दहांतल्या नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेले नाही. बँकेच्या भाषेत, रक्कम आहे पण खतावणीत चढलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील लोक १० कोटींच्या वर होते, यावरून ही न चढलेली रक्कम केवढी असेल ते ध्यानात यावे. स्त्रियांत, जोडीदार गमावलेल्यांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

'वय झाले की असे व्हायचेच' हे वाक्य आपण सर्वप्रथम टाकून दिले पाहिजे. याच पाहणीत बहुसंख्य वृद्ध नैराश्यग्रस्त आढळले नाहीत. म्हणजे ज्यांना हा आजार होतो त्यांना तो काही कारणांनी होतो. काही कारणे तर निव्वळ शरीरातली असतात. थायरॉइडचे काम मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अर्धांगवायूचा झटका, हृदयविकार, मधुमेह, कंपवात, तसेच काही औषधे यांनी मन खचू शकते. दारूचाही वाटा असतो, आणि तो आपल्या वस्त्यांत लपवून ठेवण्याची चाल आहे. कानाचे तर कोणी मनावरच घेत नाही. ऐकू कमी येऊ लागले की माणूस गप्पांत चुकीचे उत्तर देतो, नातवंडे हसतात, मग तो हळूहळू बोलण्यातूनच अंग काढून घेतो. मोतीबिंदूने वाचन सुटले तर आपल्या ग्रंथवाचक पिढीचे काय होत असेल याची कल्पना करावी.

अण्णांच्या बाबतीत एकच कारण नव्हते. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी त्यातच गेली. पुढे वीस वर्षे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. पण ते दिवस त्यांनी काढले, कारण त्याच काळात ते आमच्या शाखेचे चिटणीस होते. कामाच्या जागी ज्याला 'ए वॉचमन' एवढीच हाक होती, त्याला वाडीत आणि चाळीत 'चिटणीस' म्हणत. त्या एका शब्दावर किती माणसे उभी राहिली असतील! बाहेर जातीमुळे आणि गरिबीमुळे जे मिळत नव्हते ते शाखेच्या सतरंजीवर मिळत होते. सभेचे इतिवृत्त ते स्वतः लिहीत. अक्षर छापल्यासारखे.

सासूबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी शाखेची कार्यकारिणी बदलली. नवी मुले शिकलेली, कामाची. हिशेब संगणकावर गेला, सभेची सूचना मोबाईलवर जाऊ लागली. अण्णांचा शाल, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह देऊन सत्कार झाला. भाषणे चांगली झाली. त्यानंतर त्यांना काही विचारण्याचे कोणाला कारणच उरले नाही. त्या वर्षावासात ग्रंथवाचनही दुसऱ्याकडे गेले. अण्णांचा आवाज आता बारीक झाला आहे, असे कोणी सहज म्हणाले होते. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. म्हणूनच मला ते गंभीर वाटते. आपल्या समाजात वृद्धांचा अनादर होतो असे मी म्हणणार नाही. आदर होतो, पण काम काढून घेऊन होतो. सत्कारमूर्ती होणे म्हणजे एका परीने मूर्तीच होणे. मूर्तीला हार घालतात, तिचे मत विचारीत नाहीत.

पत्नीच्या वियोगाचे दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक करावा लागतो. दुःखात माणूस रडतो, तिच्या आठवणी सांगतो, मध्येच नातवाच्या खोडीवर हसतोही. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. नैराश्यात माणूस आठवणही काढत नाही आणि हसतही नाही. त्याला स्वतःचीच घृणा वाटू लागते. महिने लोटले तरी खाणेपिणे, झोप, ऊठबस पूर्वपदावर आली नाही, तर ते केवळ दुःख राहिले नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे.

स्त्रियांचे थोडे निराळे आहे. पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त होतो, बाई होत नाही. सत्तरीतली आजी नातवंडांना शाळेत सोडते, भाजी निवडते, धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला जाते. तिला निरुपयोगी वाटण्याचा प्रश्न येत नाही असे वाटेल. पण तिच्या हाताशी काम आहे आणि पैसा नाही, पैसा असला तर पासबुक दुसऱ्याच्या कपाटात आहे. आमच्या काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या येतात. सोबत आलेला मुलगा रक्कम मोजून घेतो आणि आईला बाकावरून उठवतो, "चल." तिला किती पैसे निघाले ते ठाऊक नसते. एकीने एकदा मला हळूच विचारले, "ताई, माज्या नावावर काय हाय का अजून?" तिचे अंग सारखे दुखते, अशी तिच्या घरच्यांची तक्रार होती. महिला मंडळाने हा विषय घेतला तर तो हळदीच्या दुधाने आणि मालिशीने संपणारा नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

आता वस्तीकडे येऊ. डिलाईल रोड, वरळी, नायगाव येथील चाळींत जी पिढी म्हातारी झाली, तिच्यापैकी अनेकांची मुले नालासोपारा, बदलापूर, टिटवाळा येथे ब्लॉक घेऊन राहिली आणि आईवडिलांना घेऊन गेली. मुलांचे चुकले असे नाही. खोली लहान, माणसे वाढलेली. पण चाळीत दार उघडे असे. नळावर, गॅलरीत, जिन्यात दिवसातून पंचवीस माणसे बोलत. कोणी सकाळी दिसले नाही तर दुपारी विचारपूस होई. ब्लॉकमध्ये दार बंद, मुलगा-सून पहाटेच्या लोकलने गेलेले, आणि खाली विहार कोठे आहे ते म्हाताऱ्याला ठाऊक नाही. चाळीतली अडचण गेली हे चांगलेच झाले. तिच्याबरोबर ती विचारपूसही गेली, तिची भरपाई मात्र कोणी योजली नाही.

गावाकडे याच्या उलट चित्र. दापोली, मंडणगड, खेड या भागांतल्या कित्येक बौद्धवाड्यांत निम्म्याहून अधिक घरांना कुलपे दिसतात. ती मे महिन्यात बुद्ध जयंतीला उघडतात. बाकी वर्षभर वाडीत म्हातारी माणसे. पूर्वी मुंबईची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन यायचा, पडवीत टेकायचा, पाणी प्यायचा, पत्र वाचून दाखवायचा. आता पैसे थेट खात्यात जमा होतात. बँकेची नोकर म्हणून मी या सोयीचे स्वागतच करते. पण आमच्या शाखेत एक पेन्शनर आठवड्यातून दोनदा पासबुक भरायला येत असत आणि बहुधा एकही नवी नोंद नसे. नवा मुलगा त्यांच्यावर वैतागे. ते नोंदीसाठी येत नव्हते हे समजायला मलाही वेळ लागला. २०१४ पासून हयातीचा दाखला घरबसल्या अंगठ्याच्या ठशाने देता येतो. त्यामुळे नोव्हेंबरमधली पेन्शनरांची रांग आखूड झाली. त्यांपैकी काही जण वर्षातून त्या एका दिवशी एकमेकांना भेटत असत.

धम्माकडे वळताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. संयुत्त निकायात नकुलपिता नावाच्या वृद्ध, जर्जर उपासकाची हकिकत आहे. शरीर आजारी झाले तरी मन आजारी होऊ द्यायचे नाही, असा अभ्यास कर, असे तथागतांनी त्याला सांगितले. हा उपदेश आपले काही प्रवचनकार खचलेल्या माणसाला छडीसारखा वापरतात. 'तुम्ही उपासक, तुमचे मन कसे खचले?' त्यामुळे आजारी माणसाला आजारावर आणखी अपराधीपणाचे ओझे होते. नकुलपित्याचे शरीर आजारी होते, त्याला मनाचा अभ्यास सांगितला. ज्याचे मनच आजारी आहे त्याला आधी औषध हवे. स्वतः भगवंतांनी जीवकाकडून औषध घेतले आहे. ध्यानसाधनेचेही तसेच. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती खरी भरावी, आणि तीव्र नैराश्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला शिबिराला पाठवू नये.

याच नकुलपित्याची दुसरी हकिकत अंगुत्तर निकायात आहे आणि ती मला अधिक उपयोगाची वाटते. तो अत्यवस्थ असताना पत्नी नकुलमाता त्याच्याजवळ बसते. ती 'काळजी करू नका' एवढेच म्हणून थांबत नाही. त्याच्या मनात कोणकोणत्या काळज्या असतील ते ओळखून एकेक काढून घेते. घर कसे चालेल? मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुले वाढवीन. मी दुसरे घर करीन का? नाही. धम्म सोडीन का? नाही. नकुलपिता त्या आजारातून उठतो आणि काठी टेकीत भगवंतांच्या भेटीला जातो. खचलेल्या माणसाशी कसे बोलावे याचा याहून चांगला पाठ मला मिळालेला नाही. त्याच्या काळजीला नाव द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी जवळ बसावे लागते.

आणखी एक कथा समाजाच्या वाट्याची. श्रावस्तीत एक धनवान ब्राह्मण होता. चार मुलांनी व सुनांनी मिळून त्याला घराबाहेर काढले. तो मळक्या वस्त्रांत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला काही गाथा शिकवल्या आणि सांगितले, भरलेल्या सभेत, मुले बसलेली असताना त्या म्हण. त्याने तसे केले. मुलांनी त्याला घरी नेले, स्नान घातले, वस्त्रे दिली. येथे तथागतांनी त्या म्हाताऱ्याला मन शांत ठेव असे सांगितले नाही. त्याचे गाऱ्हाणे सभेपुढे नेले. हे काम आज आपली पंचायत करू शकते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्जही करता येतो, पण किती म्हातारे मुलावर अर्ज करतील? सभेतला शब्द अधिक चालतो.

उपचाराविषयी थोडे. आधी साध्या तपासण्या होतात, रक्त, थायरॉइड, साखर. वृद्धांसाठी एक प्रश्नावली आहे, १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेली. तीस प्रश्न, पुढे केलेल्या लहान आवृत्तीत पंधरा, उत्तर फक्त हो किंवा नाही. तिच्यात दुखण्याखुपण्याचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण म्हातारपणी ते सर्वांनाच असते. औषधे सुरू केल्यावर गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात, आणि येथेच लोक कंटाळून गोळ्या सोडतात. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. मात्र डॉक्टरांना न विचारता त्या एकदम बंद करू नयेत. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेण्याची सवय फार वाईट, म्हातारे माणूस रात्री उठताना पडते आणि खुबा मोडतो.

मरणाची भाषा कोणी करू लागले तर ती थट्टेवारी नेऊ नये. 'तुमच्या मनात जीव द्यायचे येते का' असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात भरते हा समज खोटा आहे. गावाकडच्या घरात फवारणीचे औषध असेल तर ते आधी हलवावे, माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. ती विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते.

अण्णांना शेवटी माझ्या नणंदेने रुग्णालयात नेले. ती चार महिन्यांनी भेटायला आली होती, तिला ते दारातच दिसले, आम्हाला रोज पाहून दिसले नव्हते. बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने झाली, नैराश्यावरची गोळी सुरू झाली. सहाव्या आठवड्यात त्यांनी भाजीत मीठ जास्त झाल्याचे सांगितले, आणि मला आयुष्यात प्रथमच त्या तक्रारीचा आनंद झाला. औषधाने ते उठून बसले, पण बसून करायचे काय हा प्रश्न राहिलाच. तेव्हा माझ्या यजमानांनी शाखेत जाऊन सांगितले की, १९७० पासूनची इतिवृत्ते पेटीत वाळवी खात आहेत, ती लावून द्यायला कोणी तरी पाहिजे. नवे चिटणीस स्वतः घरी आले. "अण्णा, आम्हाला ती अक्षरे लागत नाहीत, तुम्हीच या," म्हणाले. हे खरेच होते, दया नव्हती. जुन्या सभासदांच्या यादीत दोन नावे चुकलेली पाहून अण्णा त्या मुलांवर असे रागावले की, दीड वर्षानंतर घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

एक सूचना करते. बँकेत एखादे खाते वर्षभर हलले नाही तर खातेदाराशी संपर्क साधावा लागतो, आणि दोन वर्षांनी ते निष्क्रिय म्हणून वेगळे नोंदले जाते. आपल्या विहारात पौर्णिमेला कोण आले याची वही बहुतेक ठिकाणी असते, वर्गणीसाठी ती पाहिलीही जाते. तीच वही साठीवरच्या सभासदांसाठी पाहावी. लागोपाठ दोन पौर्णिमा जे दिसले नाहीत त्यांच्या घरी तिसऱ्या पौर्णिमेच्या आधी दोघांनी जावे, एक पुरुष व एक महिला. जाताना हार नेऊ नये, काही तरी विचारायला जावे. वाडीतल्या विहिरीचा वाद कसा मिटला, पहिली वर्गणी किती होती, नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या गावातून कोण कोण गेले होते. आमच्या शाखेत येत्या आषाढ पौर्णिमेपासून ही वही अण्णा ठेवणार आहेत. त्यांनी तिला रेघा आखून ठेवल्या आहेत.